‘प्रश्न उद्भवत नाही’ : महाराष्ट्राच्या आमदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सदस्य

सन्माननीय सदस्यहो,

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मध्य मुंबईत तीस वर्षं दवाखाना चालवला, आता निवृत्त आहे. एका केसपेपरपासून सुरुवात करते, कारण हे पत्र लिहायची वेळ त्याच्यामुळेच आली.

दुपारची ओपीडी संपत आली होती. पस्तिशीची एक बाई पाळीच्या तक्रारीसाठी आली होती. तपासताना दिसलं की क्लिटोरिसवर, म्हणजे योनीच्या वरच्या बाजूच्या छोट्या संवेदनशील अवयवावर, नेहमी असते ती त्वचेची घडी जागेवर नाही. तिथे जुना, पांढरट व्रण होता. मी विचारलं, “इथे कधी काही लागलं होतं का?” तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग हसून म्हणाली, “ए तो बधाने होय.” हे तर सगळ्यांनाच असतं. ती दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथातली होती. त्यांच्यातली मुलींना कापायची ही प्रथा मला तोवर वाचून माहीत होती, पाहत पहिल्यांदाच होते. मी हातमोजे काढले, पाळीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि केसपेपरवर ‘एन. ए. डी.’ असं लिहिलं. नथिंग ॲबनॉर्मल डिटेक्टेड. वावगं काही आढळलं नाही, हे सांगायचा आम्हा डॉक्टरांचा तो शॉर्टकट. बाहेर बाकावर तिची मुलगी पाय हलवत बसली होती. साधारण सहा वर्षांची. मी तिच्याबद्दल काहीही विचारलं नाही.

पुढे अशा बायका आणखी येत गेल्या आणि माझं लिहिणंही तसंच चालू राहिलं. पेशंट ज्या तक्रारीसाठी आलीय त्याचंच लिहायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मुलींचं जननेंद्रिय कापण्याचा हा विषय आपल्यापैकी बऱ्याच जणांना सोमालिया किंवा सुदानचा वाटेल. तो तिथला आहेच. युनिसेफने 2024 मध्ये दिलेल्या आकड्यानुसार हे सोसलेल्या 23 कोटींहून अधिक मुली आणि स्त्रिया आज जगात आहेत. ही मोजणी 31 देशांतली आहे आणि त्या यादीत भारत नाही. पण मंत्रालयातून टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटांवर भेंडी बाजार आहे. तिथल्या, आणि तिथून उपनगरांत, पुण्यात, नाशकात पांगलेल्या कुटुंबांत मुलगी साधारण सात वर्षांची झाली की तिची ‘खतना’ करायची, म्हणजे क्लिटोरिसवरची त्वचा कापायची, पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. धर्माच्या भाषेत तिला ‘खफ्ज’ म्हणतात. आजी, मावशी किंवा आत्या मुलीला घेऊन जाते. आईस्क्रीम मिळेल, चॉकलेट मिळेल, असं सांगितलेलं असतं. एखाद्या जुन्या चाळीतली खोली असते, एक वयस्क बाई असते, तिच्याजवळ ब्लेड असतं. पैसेवाल्या घरांत आता ब्लेडची जागा दवाखान्याने घेतली आहे. जो भाग कापायचा त्याला बायका आपसांत ‘हराम नी बोटी’ म्हणतात. मुलीला सांगितलं जातं, घरी कुणाला बोलायचं नाही, बाबांनाही नाही. कित्येक बापांना आणि भावांना आपल्याच घरातलं हे ठाऊक नव्हतं, असं या स्त्रियांनी पुढे जाहीरपणे सांगितलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने या प्रकाराचे चार गट केले आहेत. क्लिटोरिसवरची नुसती त्वचा काढली तरी ते पहिल्या गटात येतं. नुसतं टोचलं किंवा चीर दिली तर चौथ्या गटात. तेव्हा आमच्याकडे आफ्रिकेसारखं काही होत नाही, या युक्तिवादाला वैद्यकशास्त्रात जागा नाही. सात वर्षांच्या मुलीच्या त्या भागात सगळा हिशेब मिलिमीटरचा असतो. घाबरून अंग आक्रसलेल्या, दोघींनी धरून ठेवलेल्या मुलीवर ब्लेड चालवताना फक्त त्वचाच निघेल आणि खालचा भाग शाबूत राहील, याची हमी मी ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा देणार नाही.

जाता जाता एक गोष्ट. या अवयवाला मराठीत धड बोलता येईल असा शब्द नाही. पाठ्यपुस्तकात ‘शिश्निका’ आहे, तो परीक्षेपुरता. तीस वर्षांत एकाही पेशंटच्या तोंडून मी तो ऐकला नाही. बायका ‘तिथे’ म्हणतात, ‘खाली’ म्हणतात. ज्या जागेला नावच नाही तिथली तक्रार पोलीस ठाण्यात कशी लिहून घेणार, हा प्रश्न मला हल्ली पडतो.

आता दिल्लीत काय झालं ते थोडक्यात. 2017 मध्ये दिल्लीच्या एक वकील सुनीता तिवारी यांनी या प्रथेवर बंदी घालावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्या वर्षाच्या डिसेंबरात केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने न्यायालयाला कळवलं की, ही प्रथा भारतात असल्याचं दाखवणारी कोणतीही अधिकृत आकडेवारी किंवा अभ्यास नाही. हे वाचलं आणि मला माझे केसपेपर आठवले. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे आकडा नाही, कारण कायद्यात या गुन्ह्याला वेगळं नाव नाही आणि म्हणून त्यांच्या तक्त्यात रकाना नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा प्रश्नच नाही. दवाखान्यात नोंद नाही, कारण माझ्यासारखे डॉक्टर ‘एन. ए. डी.’ लिहून मोकळे होतात. सरकारला जे दिसलं नाही त्यात माझाही हातभार आहे.

तरीही काही माणसांनी मोजलं होतं. आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या रेहाना घडियाली यांनी 1991 मध्येच ‘मानुषी’ नियतकालिकात या प्रथेवर लिहिलं. 2015 च्या अखेरीस मासूमा रानाळवी आणि आणखी काही बोहरा स्त्रियांनी ही प्रथा थांबवा असा स्वतःच्या नावानिशी जाहीर अर्ज केला. ‘सहियो’ या संस्थेने 385 दाऊदी बोहरा स्त्रियांची पाहणी केली, त्यात 80 टक्के स्त्रियांची खतना झालेली होती. जवळपास तेवढ्याच प्रमाणात स्त्रियांनी ही प्रथा पुढे चालू नये असंही सांगितलं. 2018 मध्ये ‘वी स्पीक आउट’ या खतनाविरोधी गटाने केलेल्या अभ्यासात 94 जणांच्या मुलाखती आहेत. त्यांच्या सात वर्षांवरच्या मुलींपैकी 75 टक्के मुलींची खतना झालेली होती आणि सुमारे एक तृतीयांश स्त्रियांनी लैंगिक आयुष्यावर वाईट परिणाम झाल्याचं सांगितलं. या पाहण्या लहान आहेत आणि ज्या बोलायला तयार झाल्या त्यांच्यावरच आधारलेल्या आहेत. त्यांवरून टक्केवारी सगळ्या समाजाला लावू नये, हे मला मान्य आहे. पण ‘प्रथा नाही’ असं म्हणायची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

जुलै 2018 मध्ये केंद्राने भूमिका बदलली. केंद्राचे तेव्हाचे सर्वोच्च विधी अधिकारी, ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी याचिकेला पाठिंबा दिला आणि हा सध्याच्या कायद्यांनुसारही गुन्हाच आहे, असं सांगितलं. दुसऱ्या बाजूला खफ्जचं समर्थन करणाऱ्या बोहरा स्त्रियांची संघटनाही न्यायालयात उभी राहिली. त्यांचं म्हणणं, हा आमच्या धर्माचा भाग आहे, निरुपद्रवी आहे आणि मुलग्यांची सुंता चालते तर आमचीच का अडवता. सप्टेंबर 2018 मध्ये प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेलं. 2019 मध्ये शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाबद्दलच्या फेरविचाराच्या निकालात या प्रश्नाचा उल्लेख झाला आणि तो नऊ न्यायाधीशांपुढच्या मोठ्या घटनात्मक वादात ओढला गेला. 2018 साली ज्या मुली जन्मल्या त्यांचं सातवं वर्ष तेवढ्यात येऊन गेलं.

न्यायालयाला घाई करायला सांगणारी मी कोण? पण विधानमंडळाने थांबायचं कारण मला दिसत नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, अज्ञान बालकांचा विषय समवर्ती सूचीत आहे, सार्वजनिक आरोग्य तर राज्याच्याच सूचीत आहे. केंद्रीय कायद्याशी विसंगती आली तर राष्ट्रपतींची संमती घ्यायची वाट आपल्या ओळखीची आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा त्याच वाटेने 2017 मध्ये लागू झाला. गर्भलिंग निदानाच्या वेळी काय झालं ते तर मी स्वतः पाहिलं आहे. 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, केंद्राचा त्यानंतर सहा वर्षांनी आला. तेव्हाही म्हणत होते, हा घराघरातला मामला आहे, कायदा काय करणार. सोनोग्राफी मशीनची नोंद आणि गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरता भरता आम्ही डॉक्टर कंटाळलो, चिडलो, पण लिहायला लागलो. कागदावर रकाना आला की डॉक्टर भरतो. आमची जमात तशीच आहे.

सध्याचे कायदे पुरेसे आहेत, असं आपले विधी सल्लागार सांगतील. भारतीय न्याय संहितेत धारदार हत्याराने दुखापत आहे, गंभीर दुखापत आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा आहे, बाल न्याय कायद्यात मुलांशी क्रूरता आहे. मग या कलमांखाली खतना करणाऱ्या कुणाला शिक्षा झाल्याचं उदाहरण इतक्या वर्षांत पुढे का आलं नाही? पोक्सोतलं लैंगिक हल्ल्याचं कलम ‘लैंगिक हेतू’ मागतं. आजी शपथेवर सांगेल की तिचा हेतू धार्मिक होता, आणि ती खोटं बोलत नसेल. दुखापतीच्या कलमात तक्रारदार कोण? सात वर्षांची मुलगी, तिच्या आईविरुद्ध? ठाणे अंमलदार कितीही सज्जन असला तरी तो हे कलम शोधून लावणार नाही. त्याला समोर छापील नाव लागतं.

आणि कायद्यात नाव आलं की काय होतं, हे आपल्या डोळ्यांपुढे घडलं आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये 2015 साली दाऊदी बोहरा समाजातल्या तिघांना दोन बहिणींच्या खतनेबद्दल दोषी ठरवण्यात आलं. अपिलात निकाल फिरला. शेवटी 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयाने सांगितलं की कायद्यातल्या ‘म्युटिलेट’ या शब्दाच्या कक्षेत नुसती चीर देणंही येतं. 2015 च्या त्या पहिल्या निकालानंतर, 2016 मध्ये ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका इथल्या बोहरा जमातींनी आपल्या लोकांना पत्रं पाठवली: या देशाचा कायदा पाळा, खफ्ज करू नका. त्याच वर्षी दाऊदी बोहऱ्यांचे सर्वोच्च धर्मगुरू सय्यदना मुफद्दल सैफुद्दीन यांच्याकडून निवेदन आलं. धर्मग्रंथांत ही शुद्धीची गोष्ट सांगितली आहे, पण ज्या देशात राहता तिथला कायदा पाळा, असा त्याचा आशय होता.

सन्माननीय सदस्यहो, हे निवेदन मी अनेकदा वाचलं. धर्मगुरूंचं मुख्यालय मुंबईत आहे. सिडनीच्या मुलीसाठी पत्र निघालं, लंडनच्या मुलीसाठी निघालं. डोंगरी आणि मरोळच्या मुलीसाठी निघालं नाही, कारण इथे पाळायला तसा कायदाच नाही. म्हणजे ज्याला धर्माचा अविभाज्य भाग म्हणतात तो कायद्यापुढे बाजूला ठेवता येतो, हे धर्मपीठानेच मान्य केलेलं आहे. उलट, परदेशातल्या कायद्यांमुळे तिकडच्या मुली सुट्टीत भारतात आणून इथे हे उरकलं जाण्याचा धोका 2018 च्या अभ्यासाने नोंदवला आहे. मुंबईला हा लौकिक हवा आहे का?

‘समाजातूनच सुधारणा व्हायला हवी’ हे वाक्य मी सभांमध्ये पुष्कळदा ऐकते. मराठी माणसाला ते नवं नाही. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावेळी पुण्यात याच वाक्यावर रणं माजली होती. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीत मेली होती, संभोगासाठीचं वय दहावरून बारा करायचं होतं. टिळक विरोधात उभे राहिले, परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून. आगरकर आणि भांडारकर कायद्याच्या बाजूने. टिळकांचा परक्या सरकारचा मुद्दा त्या काळी तरी समजण्यासारखा होता. आज सभागृहात आपण बसला आहात. परकं कोण आहे?

आणि समाजातून आवाज आलाच नाही असंही नाही. 18 एप्रिल 1966 ला समाजसुधारक हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा घेऊन आल्या होत्या. फक्त सात. आज खतनेविरुद्ध नाव सांगून बोलणाऱ्या बोहरा स्त्रिया त्याहून खूप जास्त आहेत. त्या बोलताना काय पणाला लावतात हे आपल्या राज्याने फार जवळून पाहिलं आहे. बोहरा समाजातल्या बहिष्काराविरुद्ध मुंबई इलाख्याने 1949 मध्ये कायदा केला होता, तो 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. 1986 मध्ये त्या निकालाला आव्हान दिलं गेलं आणि 2023 मध्ये तेही प्रकरण नऊ न्यायाधीशांकडे सोपवण्यात आलं. बहिष्कार म्हणजे लग्नात बोलावणं नाही, आईच्या दफनाला जागा नाही. अशा वेळी घरातली सून ‘माझ्या मुलीची नको’ म्हणते तेव्हा तिच्या हातात टेकायला काहीतरी लागतं. ‘सासूबाई, मला पटतं हो, पण पोलीस केस होते’ एवढं म्हणता आलं तरी तिचं काम होईल. कायद्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला हाच वाटतो, कोर्टात होणारा त्यानंतर.

म्हणून कायदा करताना आईला पहिली आरोपी करू नका. तिच्यावरही सातव्या वर्षी हेच झालेलं असतं. कडक शिक्षा कापणाऱ्याला आणि पैसे घेऊन दवाखान्याची खोली देणाऱ्याला. डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने नोंदणी काढून घ्यावी. ‘आम्ही निर्जंतुक हत्यारं वापरतो’ ही सबब ऐकू नये. ब्रिटनमध्ये 2015 पासून मुलीला आधीच संरक्षण देणारा न्यायालयाचा आदेश मिळवता येतो. मुलीने किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कुणी अर्ज करायचा, कुणाला तुरुंगात न टाकता ती गोष्ट थांबवायची. आपल्याकडे बालकल्याण समित्या आहेतच, त्यांना हा अधिकार द्या. खतना झालेली मुलगी मोठी झाल्यावर तक्रार करू पाहील तर मुदत संपली म्हणून तिला परत पाठवू नका. आणि आम्हा डॉक्टरांना नोंद करणं बंधनकारक करा, नाव गुप्त ठेवून का होईना.

एक मात्र कृपा करून करू नका. शाळाशाळांतून मुलींची तपासणी वगैरे. असा उत्साह कुणाला तरी येतोच. एका समाजाच्या मुलींना ओळीत उभं करून तपासणं हा दुसरा अत्याचार होईल.

हे पत्र वाचून काही सदस्यांना भाषणाचा मुद्दा मिळाल्याचा आनंद होईल, हेही मला माहीत आहे. त्यांना सांगते, हे ‘मुसलमानांचं’ नाही. कुराणात याचा उल्लेख नाही आणि भारतातल्या बहुसंख्य मुस्लिम घरांत ही प्रथा नाही. केरळातल्या काही मुस्लिम कुटुंबांतही ती आढळल्याचं 2017-18 मध्ये पुढे आलं, बोहऱ्यांच्या काही शाखांत आहे, इतकंच. ज्या दिवशी हा विषय निवडणुकीच्या सभेत जाईल त्या दिवशी बोलणाऱ्या बायका गप्प बसतील. दुसऱ्या बाजूला काही सदस्य मतदारसंघाचा विचार करून गप्प राहतील. त्यांच्या मतदारसंघातल्या मुली मतदार नाहीत, हे खरं.

मुलग्यांच्या सुंतेबद्दल विचारलं जाईल. त्यावरही चर्चा व्हावी, माझी हरकत नाही. पण ती होईपर्यंत मुलींना थांबवून ठेवू नका.

सुरुवात छोटी करता येईल. येत्या अधिवेशनात कुणीतरी एक तारांकित प्रश्न टाका: राज्यात मुलींच्या खतनेची किती प्रकरणं नोंदली गेली, किती दवाखान्यांची चौकशी झाली, शासनाने काय कार्यवाही केली? उत्तर काय छापून येईल ते मी आत्ताच लिहून देते. ‘(1) हे खरे नाही. (2) व (3) प्रश्न उद्भवत नाही.’ तो कागद जपून ठेवा आणि अशासकीय विधेयक मांडताना जोडा. सरकार स्वतः विधेयक आणणार असेल तर आनंदच आहे. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवा आणि समितीने आधी बोहरा स्त्रियांना बोलवावं, समर्थन करणाऱ्यांनाही, बंद खोलीत, नावं बाहेर न फोडता.

त्यानंतर मला बोलवा. पेशंटची नावं मी सांगणार नाही. पण ‘एन. ए. डी.’ लिहिलेल्या केसपेपरवर खरं काय लिहायला हवं होतं, ते शपथेवर सांगायला मी येईन.

आपली,
मुंबईतली एक निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ